तार

तीन दिवस तोझ होती.
इथे धुळीच्या वादळाला तोझ म्हणतात,
आता मलाही दुसरा शब्द चटकन आठवत नाही.
चौथ्या दिवशी शुवैखच्या गल्लीत
गाड्या खोकत खोकत आल्या,
रांग पार टायरवाल्या इराण्याच्या दारापर्यंत.

चार खटके काढले की डबा उघडतो.
आत कागदाच्या घड्या, आणि घड्यांत धूळ.
मला ती वाचता येते.
काळी काजळी : फहाहीलकडची, रिफायनरीच्या वाटेवरची.
पांढरी, पिठूळ : घराशेजारी बांधकाम चालू आहे.
बारीक पिसं निघाली तर मालक
कोंबड्यांच्या बाजारामागे गाडी लावतो.
गिऱ्हाइकांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत.

पण खरं काम फिल्टरच्या पुढे, नळीच्या गळ्यात.
तिथे एक तार असते, केसाहून बारीक.
वीज तिला तापवत ठेवते,
हवा येते, तिला गार करून जाते,
आणि ती किती निवली
त्यावरून इंजिनाला कळतं हवा किती आली,
तेवढंच पेट्रोल सुटतं.
आमच्या बाणकोटला पूर्वी तार आली म्हणजे
फोडायच्या आधीच बायका रडायला बसत.
ही तार गुपचूप असते.
धुळीचा लेप बसला की
वारा अंगावरून जातो आणि हिला पत्ता नाही.
कमी हवा सांगते. खोटं बोलत नाही,
जेवढं लागलं तेवढं सांगते.

टेकबहादूरला रोज बजावतो :
बोट लावायचं नाही. कापूस नाही.
हवेची गन तर नाहीच नाही.
स्प्रे लांबून, दहा-बारा फवारे,
मग थांब. वाळू दे. चहा पिऊन ये.
तुटली तर तुझा महिन्याचा पगार गेला.
आणि हौशी लोक तेलाचा फिल्टर बसवून आणतात ना,
त्यांना आधी चहा पाज, मग बिल सांग.

दुपारी अबू मिशाल आला.
लँड क्रूझर, सहाव्या रिंग रोडवर
पाय दाबला तरी उठत नाही म्हणाला.
पोरगा चालवतो. कॉलेज आणि घर. बस.

मी डबा उघडला.
तांबडी, भरड वाळू, चांगली मूठभर.
कॉलेजच्या वाटेवर अशी वाळू नाही.
मी फिल्टर उचलून ड्रमवर आपटायला निघालो
(पोरं सगळ्यांनाच असतात)
तर म्हाताऱ्यानं मनगट धरलं.
चिमूट घेतली. बोटांत चोळली.
"सालमी," म्हणाला.

मी स्प्रेचा डबा उगाच हलवत राहिलो.
शेजारच्या दुकानात कुणीतरी
एकच हॉर्न पुन्हा पुन्हा तपासत होतं.

"दोन फिल्टर दे," तो शेवटी म्हणाला.
"एक बसव. दुसरा मागे, जॅकच्या शेजारी.
पोराला बोलावून शिकव कसा बदलायचा.
मी पाहिलं ते सांगू नकोस."

तार धुतली. वाळू दिली.
गाडी सुरू झाली तेव्हा त्यानं
बॉनेटवर हात ठेवला, ताप बघतात तसा,
आणि सुटे पैसे न घेता गेला.

रात्री शहबाझला फोन लावला.
कसा आहेस?
बरा.
पेपर?
बरे गेले.
अभ्यास?
करतोय ना, घरीच आहे.
आवाज धुतल्यासारखा स्वच्छ.
फोनमधून धूळ येत नाही, हीच पंचाईत.
मी काही बोललो नाही,
तार वाळायला ठेवतात तसा थांबून राहिलो.
पलीकडून लाटांचा आवाज आला.
आमचं घर वरच्या आळीत, डोंगराला टेकून.
तिथे लाट ऐकू येत नाही.

"ओहोटी आहे का रे?" मी विचारलं.

तो जरा थांबला.
"हो अब्बा," म्हणाला, "अजून तासभर आहे."