दुसरी वही

फाटकावर यादी लावलीय. तिच्यात नाव असेल तो आत.
निन्सिमाचं नाव नाही,
म्हणून ती बाहेर पत्र्याच्या ट्रंकेवर बसलीय,
मांडीवर दोन झाडू, कागदांचा गठ्ठा, तीन किलो साखर.
शाळेनं मागितलेलं सगळं आणलंय,
एक सोडून.

कबालेत सकाळी धुकं डोंगरावरून उतरतं
आणि पायऱ्यापायऱ्यांची शेतं एकेक करून गिळतं.
आत जाणाऱ्या पोरांचे चेहरे दिसत नाहीत मला,
दिसतात ते स्वेटर.
बाटलीहिरवे, गळ्याला दोन पिवळ्या रेघा.
एकशे बारा. सगळे माझ्या हातचे.
तो बघा, त्याची डावी बाही बोटभर आखूड आहे.
त्या रात्री वीज गेली होती.

हिशेबनीस टिबेंदेराना चष्मा कपाळावर चढवतात
तेव्हाच कळतं, उत्तर आधीच ठरलंय.
"स्वेटरांचे चौदा लाख शिलिंग तुमच्याकडे बाकी," मी म्हणते,
"फी अकरा लाख ऐंशी हजार.
वजा करा. वरचे सवडीनं द्या, माझी घाई नाही."
ते हसतात. माणूस वाईट नाही.
"निन्सिमाची आई, ती वही वेगळी.
ही वही वेगळी.
या वहीतून त्या वहीत जायला वाट नाही."

दोन्ही वह्या एकाच टेबलावर होत्या,
एकीवर दुसरी,
वरचीवर त्यांचा चहाचा कप.

पैसे नाहीत असं नाही.
माझे पैसे आहेत, फक्त माझ्याकडे नाहीत.
हे कैहांग्वेला सांगितलं तर त्यानं मान डोलावली;
म्हणाला, इथं येणारा प्रत्येक जण
थोड्याफार फरकानं हेच सांगतो.

तीन लाख ऐंशी हजार मी जमवले होते,
बटाट्याची पोती, बहिणीचा हात,
आणि चर्चच्या बायकांची पेटी, जिची किल्ली तिघींकडे असते
आणि तिघी एका वेळी कधी भेटत नाहीत.
राहिले आठ.
"महिन्याला शेकडा पंधरा," कैहांग्वे म्हणाला.
मी मनातल्या मनात विणून पाहिलं:
दर महिन्याला पाच स्वेटर,
पाचव्याची एक बाही सोडून.

"तारण?"
मशीन मागू नकोस, मी म्हटलं, मशीन नेलंस तर फेडू कशानं?
मग पिशवीतून तो कागद काढला,
टिबेंदेरानांच्या सहीचा, शाळेच्या शिक्क्याचा,
एकशे बारा नग मिळाले, चौदा लाख देणे.
शाळेत ज्याला कुणी हात लावला नव्हता
तो कागद कैहांग्वेनं उजेडात धरला, घडी घातली,
आणि खिशात ठेवला. छातीकडच्या.

"चालेल?"
"शाळा मला कधी थांबवत नाही," तो म्हणाला.
आणि त्याची वही उघडली.
माझं नाव लिहायला जागा शोधत त्याचं बोट खाली सरकलं,
आणि मला दिसलं,
वरच्याच ओळीत शाळेचं नाव.
शिक्षकांचे पगार. मागच्या शुक्रवारी.

म्हणजे वाट होती.
ती फक्त टिबेंदेरानांच्या टेबलावरून जात नव्हती.

नोटा मी मोजल्या नाहीत, त्यानं मोजल्या होत्या.
टिबेंदेरानांनी मोजल्या, थुंकी लावून, दोनदा.
पावती फाडली.
आणि पावतीखाली दुसरा कागद सरकवला, लाजत:
पुढच्या सत्रासाठी अजून चाळीस स्वेटर,
लहान मापाचे जास्त.
मी घेतला. लोकर कुणाकडून उधार मिळेल
याचा विचार करत घेतला.

निन्सिमा म्हणजे आमच्या भाषेत "मी आभारी आहे".
पहारेकऱ्यानं नाव मोठ्यानं वाचलं
आणि ती उठली, ट्रंक ओढत धुक्यात गेली.
मागं वळून विचारलं, "त्यांनी तुझे पैसे दिले का?"
मी हात हलवला. त्याचा अर्थ तिनं काय लावला, कोण जाणे.

एक झाडू तिथंच राहिला, फाटकाला टेकून.
पहारेकरी म्हणाला, ठेवा, आत देतो.
मी दिला नाही.
घरी आणला.