वीतभर

पृथ्वी म्हणजे एक वाटाणा. वाळका, किंचित सुरकुतलेला,
ऋजुताने पट्टी लावून आठ मिलिमीटरचाच निवडलेला.
चंद्राला मोहरी.
सूर्य कुठून आणायचा यात रविवारची संध्याकाळ गेली.

शेवटी सुधन्वा वडक्यांनी परात दिली.
तांब्याची, कुणा आचाऱ्यासाठी ठोकलेली,
अजून कल्हई न झालेली.
मी फीत लावली : सत्त्याऐंशी सेंटीमीटर.
"सूर्याला पोचे पाडू नका," एवढंच ते म्हणाले.

एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली मी.
मुळशीचे बांध, हवेलीच्या वहिवाटी.
साखळी गेली, फीत आली, मग यंत्रं आली,
भांडणं तीच राहिली.
अशी मोजणी मात्र पहिलीच :
पंच नाहीत, हरकत नाही,
लगतच्या खातेदारांना नोटीस नाही.

वाटाण्यापासून मोहरी किती लांब?
ऋजुताने ओट्यावर एकाला एक चिकटवून वाटाणे मांडले,
तीस भरले.
मग माझा पंजा ओढून त्यावर ताणला.
"काका, तुमची एक वीत! वर नखभर."

मी हात काढून घेतला.
धायरीच्या प्लॉटवर एवढ्याच रुंदीसाठी
तिचा बाप आणि मी
अकरा वर्षं बोललेलो नाही.
कुंपण त्याने घातलं. मोजलं मी.
ही पोर तरी येते-जाते,
तिला कुणी हद्द कायम करून दिलेली नाही.

सोमवारी सकाळी, टेम्पो यायच्या आत,
तांबट आळीत फीत टाकली. तीस मीटरची फीत.
पहिले तीस शिंप्याच्या पायरीशी संपले,
दुसरे तीस नळाशी,
तिसरे दत्ताच्या कोनाड्याखाली,
आणि वर चार.
तिथे वडके परात उभी धरून राहिले.
मधले बुध-शुक्र आम्ही वगळले,
वाटाणे पुरले असते, वेळ नव्हता.

मागे वाटाण्यापाशी येऊन पाहिलं तर
केवढीशी ती परात!
तिच्या शेजारच्या दुकानात ठोकणं सुरू झालेलं.
हातोडा पडताना दिसे,
ठोका जरा मागून पोचे.
"ऊनसुद्धा शिळंच येतं," ऋजुता म्हणाली,
"आठ मिनिटांचं."

तिने खराट्याच्या काडीला डिंकाने मोहरी लावली,
वाटाण्याला गाल टेकवून एक डोळा मिटला,
काडी वीतभर पुढे धरली.
"झाकली! काका, अख्खी परात झाकली!"

गुडघे कुरकुरत मीही वाकलो.
खरंच. शेरभर डाळीत हरवेल असा दाणा,
आणि त्यामागे आचाऱ्याची अख्खी परात गडप.
कडेने तेवढी तांबूस रेघ.

"मग दर अवसेला ग्रहण का नाही?"
तिने काडी दोन बोटं वर केली.
"तो कलता फिरतो ना. पाचच अंश.
बहुतेक वेळा वरून नाहीतर खालून निघून जातो."
वहीत बघून पुढे म्हणाली,
"आणि दर वर्षी दीड इंच लांब सरकतो."
"कळतं ते कुणाला?"
"मोजलं तर."

मी परत डोळा लावला, मोहरी जरा बाजूला सरकवली.
परात उजळली,
पूर्वेचं ऊन तिच्यावर आलं होतं.
पण खाली वडक्यांचे अनवाणी पाय दिसेनात.
कोल्हापुरी चप्पल होती,
डाव्या पायाचा अंगठा तुटका,
खिळा मारून बसवलेला.
तो खिळा मी मारला होता,
प्लॉटच्या आधी.

पोरीला शाळेत न्यायला आला असणार.
वडके म्हणाले असतील, धरा जरा, चहा सांगून येतो.
कुणासाठी धरतोय हे त्याला
सांगितलं की नाही, कोण जाणे.

परात हलत नव्हती.
त्याचा हात पूर्वीपासून स्थिर.

ऋजुताने वाटाणा उचलून खिशात टाकला.
फितीचं टोक अजून तिकडे,
कोनाड्याखाली, दगडाने दाबलेलं.
इकडून ओढलं असतं तर आलं असतं.
मी गुंडाळत गुंडाळत चालू लागलो.