शेरा

कुपवाड रोडला, बर्फाच्या कारखान्यामागं आमची इमारत.
पाटीवरचा एक शब्द दोन वर्षांपूर्वी
रंग मारून बदलला.
जुना अजून खालून दिसतो.

रात्रपाळी आठ ते आठ.
सतरा जण, आम्ही दोघी.
कागदावर चौघी;
उरलेल्या दोघी अनुदानाबरोबर येतील म्हणतात.

इथं मला नाव नाही. मावशी.
कल्पना मावशी, स्वयंपाकाची रुक्साना मावशी,
मे महिन्यात सोडून गेली तीही मावशीच.
म्हणून ती गेली हे झुंबरला पटत नाही.
तो तिला हाक मारतो
आणि मी ओ देते.

नोंदवहीत पाच रकाने:
वेळ. नाव. काय घडलं. काय केलं. शेरा.

११.४०. सुदाम. भिंतीवर डोकं आपटतो. उशी धरली.
(उशी आणि भिंतीच्या मध्ये माझा तळहात होता,
त्याला रकाना नाही.)
१.१५. आयेशा. पाळी आली, रक्त बघून घाबरली.
कल्पना मावशी खाली आंघोळ घालतेय.
२.०५. झुंबर. चावला.

झुंबर चव्वेचाळीस वर्षांचा.
दिवसा मिरजेच्या औषध दुकानांसाठी
कागदी पाकिटं चिकटवतो.
शंभर झाली की टाळी,
कधी ब्याण्णवलाच टाळी.
वरची आठ मी रात्री भरते.
त्याची आई तासगावहून दर महिन्याला यायची,
रुमालात बेदाणे बांधून.
अकरा महिने झाले, रुमाल येत नाही.
तो रात्री उठून विचारतो, बेदाणे?
मी म्हणते, उद्या.
अकरा महिने मी उद्या म्हणतेय,
आणि काल त्यानं माझं मनगट दातात धरलं.

माझा हात वर गेला.
खोटं कशाला बोलू, गेला.
खाली यायच्या आतच
त्यानं मान खाली घातली होती,
सरावानं,
पाऊस आला की छत्री उघडतात तशी.
हा सराव कुणी दिला
ते मी स्वतःला विचारत नाही.
मे महिन्यापर्यंत आमची पाळी एकत्र होती.

मग मी कोठीच्या खोलीत गेले, दार लोटलं,
तांदळाच्या पोत्यावर बसले.
फिनेलचा वास. दातांचे वण मोजले, सात.
पुण्याहून आलेले सर शिकवून गेलेत,
चारपर्यंत मोजत श्वास घ्या, सहापर्यंत सोडा.
त्या दिवसाचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे,
नाव छापलेलं. चुकीचं, पण नाव.
चारपर्यंत गेले,
सोडायचं विसरले.

बाहेरून कडी लागली.
"शांत झाली की काढू हं."
झुंबरचा घसा, पण लय माझी,
तो "हं" तर अगदीच माझा.
मी दार वाजवलं. म्हणाला,
"वाजवलं की जास्त वेळ."
हेही माझंच.

किती वेळ ते लिहिलं नाही.
दाराच्या फटीतून त्याची बोटं दिसत होती,
डिंक वाळून पांढरी झालेली.
तो कुठंही गेला नाही.
मी अशी कधी बसले होते का,
कडी लावून, दारापाशी, शेवटपर्यंत?
बहुतेक वेळा मी खाली चहा टाकायला जायची.

कडी काढली त्यानं.
माझी हनुवटी वर करून चेहरा तपासला,
आम्ही ताप बघतो तसा.
"झाली," म्हणाला, आणि जाऊन झोपला.
मी पाकिटं चिकटवत बसले. काल नऊ कमी होती.

सकाळी मॅडमनी सही केली.
शेरा: विशेष काही नाही.
मनगटाला पट्टी होती, त्या म्हणाल्या,
भाजलं का गं? मी म्हटलं, हो, चपातीला.

गणपती पेठेत उतरून पाव किलो बेदाणे घेतले,
हिरवे, लांब, महागातले. त्याच्यासाठीच.
माधवनगरच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली.
एक तोंडात टाकला.
मग दुसरा.
घर आलं तेव्हा पुडीत देठं होती फक्त,
आणि पोरगी दारात विचारत होती,
आई, काय आणलंस?