पायांशी कुत्रं

दगड बोटीतून आला, गवतात गुंडाळलेला,
दुधावरच्या सायीच्या रंगाचा.
सोबत मठाधिपतींची चिठ्ठी:
राजा डावीकडे, पायांशी सिंह.
राणी उजवीकडे, पायांशी कुत्रं, म्हणजे निष्ठा.
हातात हात.
चेहऱ्याबद्दल एक अक्षर नाही.

मी तिला एकदाच पाहिलं होतं,
लांबून, मिरवणुकीत, बुरख्याआड.
म्हणून विचारत फिरलो.

खजिनदारानं चोपडी काढली.
एकोणीस वर्षांचे बदाम, मेण, खारवलेले मासे,
पाळणा एक, सहा वेळा रंगवलेला.
'आणि चेहरा?'
त्यानं खरंच दोनचार पानं उलटली.
'इथं नाही.'

बिशप म्हणाले, धर्मशील.
मोतद्दार म्हणाला, बैठक पक्की होती,
उतरताना मात्र कुणाचा हात घ्यायची नाही.
धाकट्या राजपुत्रानं आधी माझ्या छिन्नीची धार पाहिली,
मग, छिन्नीकडेच बघत, म्हणाला:
'आईच्या बोटांना लसणाचा वास यायचा.'

शेवटी इंगरित भेटली, कपडेपटातली,
गुडघे धरून बोलणारी.

'आली तेव्हा चौदाची होती.
बंदरावर स्वागताला राजाची शिकारी कुत्री मोकळी सोडली होती.
ती किंचाळली. सगळा धक्का हसला.
कुत्रं म्हणतोस? तिच्या पायांशी?

नाव होतं ओरेंगार्द. आमच्या जिभेला वळेना.
दिवेलागणीच्या आत तिची मार्ग्रेट झाली.
पुढे कितीतरी वर्षं
कुणी मार्ग्रेट म्हटलं की ही जरा थांबायची,
दुसरी कुणी वळतेय का बघायला.

भाषा शिकली आमची. भांडण्याइतकी शिकली.
राजा तापात होता तेव्हा
त्याच्या उशाखालचा शिक्का काढून
कोळ्यांचा मिठावरचा कर अर्धा केला तिनं.
बरा झाल्यावर तो महिनाभर बोलला नाही तिच्याशी.
कर मात्र तसाच राहिला.

पण मोजायची तिकडच्या भाषेत.
टाके, पायऱ्या, दोन कळांमधला वेळ.
उन, दोस, त्रेस...
आकडे कमी होत गेले की आम्ही पाणी चढवायचो.'

'राजा हात धरायचा तिचा?'

'धरला की. एकदा.
तिसरं मूल गेलं त्या पहाटे.
नंतर त्याला त्याची लाज वाटली असावी.'

मी ओली माती तिच्यापुढे केली.
तिनं अंगठा टेकवला: 'नाक इथं जरासं...'
मग अंगठा उचलला.
'राहू दे. आता माझंच नाक आठवतंय मला.'

हिवाळाभर कोरत होतो.
हातात हात दिला. हुकूमच होता.
फक्त तिची बोटं मिटली नाहीत माझ्याच्यानं,
दोनदा प्रयत्न केला, दगड तुटेल असं वाटलं.
कुत्रं कोरलं, पाठमोरं, झोपलेलं,
तोंड पंजात खुपसून.
मठाधिपती म्हणाले, फार लठ्ठ झालंय,
आणि तीन मार्क कापले.
कडेनं नाव घातलं: मार्ग्रेट.
अक्षरामागे वेगळे पैसे होते,
खोटं कशाला बोलू, मला ते छोटं नाव परवडलं नसतं एरवी.

निघायच्या दिवशी भाकरी मागायला
मागच्या दारानं मुदपाकखान्यात गेलो.
मेजवानीसाठी अंडी मोजणं चाललं होतं.
इंगरित एकेक टोपलीत ठेवत होती,
आणि पेडर, आचाऱ्याचा पोर,
ज्यानं हा डोंगर ओलांडून कधी काही पाहिलं नाही,
तिच्यामागून म्हणत होता
उन,
दोस,
त्रेस,
कात्रे,
आणि अडला.

तिनं त्याच्या डोक्यात टपली मारली.
'सीन्क, गाढवा. सीन्क.'