एक भोक जास्त

पाण्याचा पाचवा दिवस. पहाटेचे सव्वातीन.
विडी घरकुलातल्या आमच्या गल्लीत
घागरी, कॅन, निळी पिंपं रांगेत,
आणि दोन पिंपांच्या मध्ये उकिडवा बसून
रेवणसिद्ध फिटर मला विचारतो,
"काय बे बोद्दूल, देव हाय म्हणतोस,
पुरावा काय हाय तुझ्याकडं?"

मी म्हणतो, नळ येणार यालाही पुरावा नाही.
"हाय की. मागच्या पाचव्या दिवशी आला होता.
नाही आला तर झोन ऑफिसला फोन लागतो,
शिव्या खायला माणूस बसलाय तिथं.
तुझ्या देवाच्या झोन ऑफिसात कोण उचलतं फोन?"

मी गप्प. फिटरशी वाद घालू नये,
तो प्रत्येक गोष्ट खोलून बघतो
आणि एखादा नट नेहमी उरतोच.

लोक म्हणतात, नक्षी आहे म्हणजे नक्षी काढणारा असणार.
कीर्तनात म्हणतात, टीव्हीवर सूटबूटवालेही म्हणतात.
बरोबर आहे त्यांचं.
मीच तो नक्षी काढणारा.
अशोक चौकामागच्या कारखान्यात एकतीस वर्षं
जकार्डची कार्डं पंच केली.
पुठ्ठ्याला भोक असलं की धागा वर,
नसलं की खाली.
मोर, कमळ, ताजमहाल, नवरा-नवरीची नावं,
सगळं एवढ्यावरच.

एका उन्हाळ्यात, सरोजा तापानं फणफणलेली असताना,
मोराच्या कार्डात माझ्याकडून एक भोक जास्त पडलं.
मुकादमाला दिसलं नाही, मालकाला दिसलं नाही.
नऊ वर्षं त्या सेटवर चादरी निघाल्या
आणि एकूण एक मोराच्या डोळ्यात
तांबडा एक टाका,
रात्रभर रडून उठल्यासारखा.

कुठं कुठं गेले असतील ते मोर.
रुखवतात, सिव्हिलच्या कॉटवर, एसटीच्या टपावर.
एक बाई तर दुकानात हटून बसली,
तोच द्या, म्हणाली, माझं समजणारा.
मी गाठोडं घेऊन तिथंच उभा होतो.
काही बोललो नाही.

म्हणून नक्षीवरून कर्ता ओळखणाऱ्यांचं
मला भ्यावच वाटतं.
ओळखाल हो, पण काय ओळखाल?
भोक दिसेल. ताप कुठून दिसणार?
आणि माग तर मला ओळखतच नव्हता.
त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला नाही एक दिवस
आणि तरी एक चादर कमी विणली नाही.

सरोजा सहा वर्षांची होती.
आमच्या पद्मशाळ्यांचा मार्कंडेय
सोळाव्या वर्षी यमाच्या फासातून सुटलेला.
पिंडीला मिठी मारली आणि सुटला.
सरोजानं मला मारली होती.

नरसम्मा अजून जाते त्याच्या देवळात.
एकदा विचारलं, तिच्या मांडीवर सूप होतं,
आठशेच्या पुढं विड्या ती मोजत नाही, बोटं मोजतात.
कशाला जातेस गं? तुझी कुठं सुटली?
तिनं एक विडी छाटात टाकली,
दुसऱ्या पानावर कात्री फिरवली.
"त्याच्या आईचं पोरगं वाचलं ना.
ते बघून येते."

हे रेवणसिद्धला सांगावं की नाही
याचा विचार करत होतो,
कारण हा पुरावा नाही, मलाही कळतं.
वेडेपणा आहे असं मात्र
कुणी माझ्यासमोर म्हणू नये.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला कुणीतरी ओरडलं.
नळ खोकला. नुसती हवा.
रेवणसिद्ध विडी विझवून पुढं सरकला,
गुडघ्यांवर बसला,
तोटीला कान लावून डोळे मिटले.

"येतंय," म्हणाला.
अजून आलं नव्हतं.
मी घागर पुढं केली.