टोप्यांचे रंग

उत्पलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर
पट्टी सापडेना म्हणून रेशन कार्डाच्या कडेने
मी रेघा मारल्या.
कॉलेज. फी. वर्षं किती. हॉस्पिटल जोडलेलं आहे का.
शेवटचा रकाना कोरा सोडला,
काहीतरी विचारायचं राहिलंय एवढंच वाटत होतं.

एकोणीस वर्षं परळच्या लॅबमध्ये मी काचा धुतोय.
डीएमएलटी म्हणजे काय ते मला मोरीवर कळलं:
शिकलेल्या हाताच्या स्लाइडवर
रक्ताचं टोक जिभेसारखं निमुळतं असतं.
न शिकलेल्याची स्लाइड, जिन्यात कुणी पान थुंकलंय.

आकडे वाचता येतात, पण राहतात लक्षात ते बाटल्यांच्या टोप्यांचे रंग.
म्हणून मीच कॉलेजांना टोप्या घातल्या.
(एरवी ती आपल्याला घालतात.)

निळी सरकारी कॉलेजला. वर्षाला नऊ हजार.
निळ्या टोपीच्या बाटलीत रक्त रेघेपर्यंत लागतं,
थोडं खाली राहिलं की नमुना बाद.
उत्पलाला दीड टक्का कमी पडला.
अशा किती बाटल्या मी पिवळ्या पिशवीत टाकल्यात,
चिकटवलेलं नाव न वाचता.

करडी, साखरेची, ती ठाण्याच्या पुढची.
काचेची इमारत, एसी, एक लाख दहा हजार,
नोकरीची शंभर टक्के हमी.
मॅडम फार गोड बोलल्या.
लॅब दाखवा म्हटलं, तर व्हिडिओ दाखवला.

लाल टोपी मुलुंडला. पैसे आत गेले की गोठले,
परत नाहीत,
हे पावतीच्या मागे, मुंग्यांच्या पायांएवढ्या अक्षरांत.
उत्पलाने वाचलं. मी तर सही करायला पेन काढलं होतं.

राहिली कुर्ल्याची. ट्रस्टची.
खाली टायरचं दुकान, वर दुसरा मजला,
अडतीस हजार, चार हप्ते.
जांभळी द्यावी का?
जांभळीत रक्त गोठत नाही, वाहतं राहतं,
आमच्या घरातल्या पैशाला तेवढं जमलं तरी पुष्कळ.

तिथे प्रॅक्टिकल चालू होतं.
मुलं एकमेकांना टोचून टोचून थकलेली.
सर म्हणाले, काका, हात देता का?

रुबीना नावाची पोरगी. पट्टा माझ्या दंडाला,
श्वास तिचा अडकलेला.
पहिल्यांदा शीर सटकली.
दुसऱ्यांदाही.
तिच्या वरच्या ओठावर घाम आला,
सरांनी सुई हातातून घेतली नाही,
ओरडलेही नाहीत. म्हणाले,
डोळ्यांनी नको गं शोधू, बोटाने शोध.
तिसऱ्यांदा लागली.

तेव्हा तो कोरा रकाना मला वाचता आला:
चुकायला हात मिळतो का इथे,
आणि चुकताना शेजारी कोण उभं असतं.

तिने स्लाइड ओढली. निमुळती.
वाळवली, रंगवली, धुतली, लावली.
बघा ना काका.

एकोणीस वर्षांत हे मला कुणी म्हणालं नव्हतं.
मीही कधी मागितलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.
चष्मा काढायचा की ठेवायचा तेच कळेना.
आधी माझीच पापणी दिसली.
मग गुलाबी ठिपके, मधे फिकट, मोजता न येण्याइतके,
आणि त्यांच्यात एक जांभळा, मोठा,
रात्रपाळीच्या वॉचमनसारखा एकटा.
हे माझं?
तुमचंच.
ही काच, मी म्हटलं, लगेच धुवायला टाकू नका.

जिना उतरताना उत्पला हिशोब करत होती:
पहिला हप्ता साडेनऊ, शिकवणीचे तिचे चार,
माझ्या पगारातून साडेतीन,
दोन कमीच पडतात, बाबा, ऐकताय ना?

ऐकत होतो.
कोपर दुमडलेलं, आत कापूस.
पाच मिनिटं दाबून धरा म्हणाली होती.
बसस्टॉप आला तरी मी हात सोडला नव्हता.