मुलीकडची

भद्रकालीत उतरले तेव्हा अकराचं ऊनही
शाल गुंडाळून आल्यासारखं.
मुनीरभाई हीटरपुढे हात नव्हे,
बाटल्या शेकत बसलेले.
"गारठ्यात अत्तर मुकं होतं, बाई.
आधी बोलतं करावं लागतं."

लग्न गंगापूर रोडच्या लॉनवर, उघड्यावर,
सहा-बाराचा गोरज.
पौष लागायच्या आत उरकायचं म्हणून घाई.

त्यांनी मोगरा पुढे केला. मी मनगट मागे घेतलं.
मोगरा मागच्या वेळी होता,
वैशाखात, ओझरला, पंखे अपुरे,
नीरजाच्या वेणीतून असा सांडत होता
की माझा मुलगा मंगलाष्टकांत दोनदा शिंकला.
किती हसलो होतो.

वाळा उन्हाळ्याचा. केवडा गणपतीचा.
गुलाबाची कुपी त्यांनी उचलली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि स्वतःच परत ठेवली.

मग हिना.
आधी ओली माती, मग लवंग,
मग खूप आत कुठेतरी
उन्हातून आणलेली गोधडी.
"अंगाच्या उबेवर उलगडतो हा. पाव तास द्या."

त्या पाव तासात सहज विचारलं त्यांनी,
"मुलाकडच्या की मुलीकडच्या?"

बाहेर पेरूवाला तिखटमीठ लावून देत होता.
आठ वर्षं ती माझ्या घरात,
त्यातली शेवटची तीन
आम्ही दोघीच.
माझ्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ.
स्थळही मीच पाहिलं, सिन्नरचं,
पॉलिटेक्निकात शिकवतो,
पहिल्याच भेटीत तिच्याआधी मला विचारलं,
चहात आलं चालतं ना?

"मुलीकडची," मी म्हटलं.
म्हणताना जीभ अडखळली नाही
याचंच जरा नवल वाटलं.

जाऊबाई म्हणाल्यात, जायचं तर जा, पण मागे बस.
बसेन.
वास कुठे मागे बसतो?

तीन मिलीची कुपी, दोनशे चाळीस.
कागदात बांधताना म्हणाले,
"कानामागे लावा. रेशमाला डाग पडतो,
धुतला तरी जात नाही."

संध्याकाळी मळ्यांकडून शेकोट्यांचा धूर येत होता
आणि मी गाडीत बसायच्या आधी
फाया पदराच्या टोकाला घासला.
तिला रडू आलं की
ती रुमाल शोधत नाही.